आईच्या वेबसाइटवरची गर्दी

काल एका नटीने कुणाच्या तरी लोणच्यांच्या वेबसाइटचं कौतुक केलेलं फोनवर दिसलं. मी कुतूहलाने उघडायला गेले, तर पान उघडेचना. इतकी माणसं एकदम तिथे लोटली होती. मला आईची आठवण झाली.

शाळेतून निवृत्त झाल्यावर आई विणकामाचे नमुने एका साध्याशा वेबसाइटवर टाकायची. ती मीच करून दिली होती. रोज मोजकी माणसं यायची. भंडाऱ्याच्या कुसुमताई मात्र नेमाने दोन ओळी लिहून जायच्या. दोघी कधी भेटल्या नव्हत्या, पण आई जेवताना सांगायची, "आज कुसुमताई येऊन गेल्या."

मग एका मालिकेतल्या नायिकेने आईच्या नमुन्याची शाल पांघरून फोटो टाकला आणि खाली वेबसाइटचं नाव दिलं. बघता बघता साइट गर्दीने बंदच पडली.

"आई, तू प्रसिद्ध झालीस!" मी ओरडले.

ती लाजून हसली. मग म्हणाली, "अगं, पण कुसुमताईंना आत येता आलं नसेल. त्या परत गेल्या असतील."

थोड्याच दिवसांत गर्दी ओसरली. एवढी माणसं येऊन गेली, पण एकानेही एखादा टाका विचारला नव्हता. मी हिरमुसले होते. तेवढ्यात कुसुमताईंचा संदेश आला, "किती दिवस दार उघडत नव्हतं तुमचं! पायमोज्याची टाच जमत नाहीये. सांगाल का?"

आईने घाईघाईने चष्मा लावला आणि एकेका बोटाने टाइप केलं, "सांगते ना. कुणासाठी विणताय, ते आधी सांगा."