सामंतबाईंनी वाजवलेला भोंगा

चिप विकायला आलेल्या माणसाला सामंतबाई आधी चहा द्यायच्या आणि मग विचारायच्या, "हिला भाऊबंद किती?" तो बिचारा कप हातात धरून बघतच राहायचा. बाईंना इतकंच विचारायचं असायचं, की हीच चिप आणखी कोण बनवतं? एकाने बंद केली तर दुसऱ्याकडे मिळायला हवी.

मरोळच्या आमच्या कारखान्यात कापड रंगवायच्या यंत्रांचं तापमान सांभाळणारी पेटी बनायची. ऐंशीच्या दशकात त्या पेटीत मायक्रोकंट्रोलर, म्हणजे बोटाएवढा संगणक, बसवायचं ठरलं. तो निवडायचं काम बाईंचं आणि मी त्यांचा नवा सहकारी. बाई मूळच्या मालवणच्या, राहायला बोरिवलीला. त्या हसायला लागल्या की आजूबाजूची कामं थांबायची.

शेठना एक नवीकोरी, सगळ्यात स्वस्त चिप आवडली होती. बाईंना जुनी, सगळीकडे मिळणारी हवी होती.

"शेठ, यंत्रं वर्षानुवर्षं चालणार. ही चिप उद्या बंद पडली तर दुरुस्तीला काय लावू, बटाटा?"

शेठ भडकले. "सोमवारी गिऱ्हाईक येतंय. नवीच दाखवायची. जमत नसेल तर दुसरा माणूस बघतो!"

"दाखवू की. पण त्या सकाळी आधी ती जेवणाच्या भोंग्याला जोडते. वेळेवर वाजला तर तुमची चिप पास."

शेठ हसून हो म्हणाले. मी मात्र बाईंना हळूच विचारलं, "गिऱ्हाईकासमोर भलत्या वेळी वाजला तर?" "मेल्या, घाबरतोस काय?" बाई म्हणाल्या. "परीक्षाच तर घेतोय."

सोमवारी सकाळी गिऱ्हाईक केबिनमध्ये टेकतंय तोच कँटीनमध्ये चटणीचा मिक्सर फिरला. विजेला हिसका बसला, नवी चिप गडबडली आणि भोंगा बोंबलला. अख्खा कारखाना हात धुऊन कँटीनकडे धावला. "अरे, भात कच्चा आहे!" कँटीनवाला ओरडला. सगळे परत फिरले. पुन्हा मिक्सर, पुन्हा भोंगा! आता तर पोरं नाचतच आली. गिऱ्हाईक डोळे पुसत हसत होतं, पण बॅग उचलून उठलंही. "आमच्या रंगखान्यात याहून दांडग्या मोटारी आहेत हो."

"बसा जरा," म्हणत बाईंनी आधीच तयार ठेवलेली जुन्या चिपची पेटी भोंग्याला जोडली. मिक्सर इतका फिरवला, की चटणीचं पाणी झालं. भोंगा गप्प. ऑर्डर मिळाली.

"बाई, आज माझी वाट लागली असती!" शेठ म्हणाले.

"इथे लागली, तर आपण हसलो. रंगखान्यात लागली असती तर?"

ती स्वस्त चिप पुढे लवकरच बनायची बंद झाली. बाईंनी त्याबद्दल शेठना कधी टोमणा मारला नाही.

बऱ्याच वर्षांनी बाई आजारी असताना मी बोरिवलीला भेटायला गेलो. सांगितलं, "घाटकोपरच्या एका रंगखान्यात आपल्या पेट्या अजून चालू आहेत."

त्या उठून बसल्या. "तक्रार?"

"एकही नाही. बनवल्या कोणी, हे विचारायची वेळच आली नाही, म्हणून तिथे ते कोणाला ठाऊकही नाही."

"अगदीच कोणाला नाही?"

"नाही."

"झकास!" बाई म्हणाल्या आणि इतक्या हसल्या, की सूनबाई धावत आतून आली.

ती आमची शेवटची भेट.