मी जिवंत केलेला जवान

पिक्चरमध्ये मेलेला एक जवान मी थिएटरच्या बाहेर जिवंत केला, आणि त्यापायी माझ्या नातीचं जमत आलेलं लग्न मोडायला आलं.

नात म्हणजे मयुरी. बँकेत आहे आणि घरात कोणाचं ऐकत नाही. स्थळ जवळच्याच बेव्हर्ली पार्क भागातलं. मुलगा शांत, चष्मेवाला. त्याचे वडील कदमसाहेब, सैन्यातून हवालदार म्हणून रिटायर झालेले. एकदा ती मंडळी आमच्या भाईंदर पश्चिमच्या घरी पोहे खाऊन गेली होती. आता होकार द्यायच्या आधी दोन्ही घरांनी मिळून पिक्चर बघायचा, असं मयुरीने ठरवलं. (आमच्या वेळी मुलगी चालून दाखवायची. आता मुलाकडच्यांना तीन तास बसवून बघतात.) पिक्चर लढाईचा. का, तर कदमसाहेब खूश होतील!

निघताना सुनेने मला दम दिला, "बाबा, तिथे जास्त बोलू नका हां. होकार यायचाय अजून."

"मी कधी जास्त बोलतो?"

"बघा, झाली सुरुवात!"

मी सातवी नापास माणूस. फोर्टातल्या एका ऑफिसात आयुष्यभर लिफ्ट चालवली. पण पिक्चरमधलं मला कळतं, निदान अर्धं. कारण मी नेहमी दुसराच भाग बघितला! पोरगा लहान होता, सांभाळायला कोणी नाही. मग माझी बायको, कुंदा, एका तिकिटावर इंटर्व्हलपर्यंत आत बसायची आणि मी पोराला कडेवर घेऊन दारात उभा. ती बाहेर आली की पोरगा तिच्याकडे, अर्धं तिकीट माझ्याकडे. नंतर घरी पोचलो की चपात्या लाटता लाटता ती मला पहिला भाग सांगायची आणि मी तिला दुसरा. तिचा प्रश्न ठरलेला, "वाचला का हो तो?" मी म्हणायचो, "वाचला." मेला असला तरी वाचला! तिला रडवून मला चपाती कोणी वाढली असती?

कुंदा जाऊन चौदा महिने झाले. त्यानंतर मी पहिल्यांदाच थिएटरात गेलो, आणि जन्मात पहिल्यांदाच सुरुवातीपासून बसलो.

पहिला भाग बघून चक्रावलोच. लढाईचा पिक्चर आणि लढाईचा पत्ता नाही! पोरं बराकीत बटाटे सोलतायत, एकमेकांची पत्रं चोरून वाचतायत, एकाचं लग्न लागतंय, दोन गाणी. इंटर्व्हलनंतर मात्र धडाधड तोफा. बटाटे सोलणारी पोरं पटापट पडायला लागली. आजवर पडद्यावर पलटणीच्या पलटणी मेल्या तरी मी शेंगदाणे खात बसलेलो. आणि त्या दिवशी ढसाढसा रडलो! सुनेने तीनदा रुमाल पुढे केला. बटाटे सोलताना बघितलेला माणूस मेला की त्रास होतो, हे मला ह्या वयात कळलं. कुंदाने त्या सगळ्यांना बटाटे सोलताना बघितलेलं असायचं. म्हणून ती विचारायची.

डोळे पुसत मी सगळ्यांच्या आधी बाहेर आलो. बाहेर बाकावर कदमबाई. तोफांचा आवाज सोसेना म्हणून त्या इंटर्व्हलनंतर थोड्याच वेळात उठून आल्या होत्या. मला बघितलं आणि म्हणाल्या, "वाचला का हो तो?"

अगदी तस्संच! तोच प्रश्न, तसाच पदर सावरत. माझ्या तोंडून निघून गेलं, "वाचला."

"बाई गं! मला वाटलं जातोय आता."

"छे! पायाला जरा लागलं. घरी आला. आईने ओवाळलं." (थांबायचं ना इथे? नाही!) "बायकोला मुलगी झाली. बारशाला सगळी पलटण हजर!"

पिक्चरमध्ये त्याला तिरंग्यात गुंडाळून आणला होता.

मग आम्ही सगळे बाजूच्या उडप्याच्या हॉटेलात बसलो. डोसे यायच्या आधीच भांडण आलं.

मयुरी म्हणाली, "फर्स्ट हाफ मस्त होता. नंतर काय, नुसती मारामारी."

मुलगा म्हणाला, "फर्स्ट हाफ टाइमपास होता. पिक्चर सुरूच इंटर्व्हलनंतर होतो."

"म्हणजे माणसं हसत होती तो टाइमपास?"

"लढाईच्या पिक्चरमध्ये गाणी कशाला?"

"तू मरायच्या आधी कधी गाणार नाहीस का?"

सून पांढरी पडली. कदमसाहेब मुलावर गरजले, "पहिला भागच खरा! नोकरीत मी गोळ्या कमी झाडल्या, बटाटे जास्त सोलले!"

"पण पप्पा, रडलात तुम्ही सेकंड हाफला!"

मध्येच कदमबाई गोड आवाजात म्हणाल्या, "भांडता कशाला? शेवट चांगला झाला ना. बारसं काय थाटात केलं!"

"कोणाचं बारसं?" कदमसाहेबांचा चमचा हवेत.

"त्याच्या मुलीचं. आजोबांनी सांगितलं."

सगळं टेबल माझ्याकडे बघायला लागलं. टेबलाखालून सुनेने मला लाथ मारली. ती लागली कदमसाहेबांना!

"आजोबा," पाय चोळत ते म्हणाले, "मेलेल्या माणसाचं तुम्ही बारसं घालता. मग मुलीबद्दल जे सांगितलंत, ते तरी खरं का?"

इथे गप्प बसणारा माणूस शहाणा. मी घाबरलो आणि भडाभडा ओकलो. "उंची पाच-दोन सांगितली, ती चपला धरून! पोहे तिने केले नव्हते, खालच्या फरसाणवाल्याकडून आणले! आणि 'स्वभाव गरीब' म्हणालो ते तर साफ खोटं!"

"आजोबा!!" मयुरी किंचाळली.

"पण तो वाचला असं का सांगितलंत हो?" कदमबाईंनी विचारलं. तेव्हा मी अर्ध्या तिकिटाची सगळी गोष्ट सांगितली. डोसे गार झाले, कोणी हात लावला नाही.

"त्यांना कधी कळलं नाही?" कदमबाई म्हणाल्या.

"कळलं ना. घरात टीव्ही आला आणि मी वाचवलेली सगळी माणसं एकेक करून परत मरायला लागली. दोन-तीन मेली तोवर ती गप्प होती. मग इंटर्व्हल झाला की टीव्ही बंद करायची. म्हणायची, पुढचं मला माहितीय, तुम्ही सांगितलंय."

कदमबाईंनी डोळ्याला पदर लावला. कदमसाहेब छताकडे बघत बसले. मुलगा मयुरीला हळूच म्हणाला, "फर्स्ट हाफ इतका पण वाईट नव्हता." मयुरी म्हणाली, "ते आत्ता सांगतोयस?" पण तिचा डोसा तिने त्याच्याकडे सरकवला.

दोन दिवसांनी होकार आला. कदमसाहेबांची एकच अट. यापुढे काय सांगायचं ते आमच्या सुनेने सांगायचं, आजोबांनी नाही. आमच्या घरात ती अट सगळ्यांनी इतक्या आनंदाने मान्य केली की आता मला कोणी काहीच विचारत नाही. परवा सून बाल्कनीत फोनवर होती, आत कुकरची पहिली शिटी झाली. मीच आपण होऊन ओरडलो, "सुनबाई, कुकरच्या तीन शिट्या झाल्या गं!" तिने येऊन माझ्याकडे बघितलं, वाफ सोडली आणि झाकण उघडलं.

भात कच्चा होता.