यंदा काटा टोचला नाही

करमाडच्या बानाबाईच्या पायाला भिंगरी होती. साठीला टेकली तरी ही बाई घटकाभर एका जागी बसायची नाही. गायरानावर कारखान्यांच्या भिंती उभ्या राहिल्या, त्यात पावसानं सलग दुसऱ्या वर्षी दगा दिला. तरी चाळीस मेंढरं घेऊन ती चारा हुडकत थेट शेंद्र्यापर्यंत जायची. नवरा कडूबा गुडघ्यांनी हैराण, म्हणून तो घरी कोकरं सांभाळायचा.

दिवस मावळला की ओट्यावर बसून कडूबा तिच्या पायातले काटे काढी. लग्नापासूनचा रिवाज. सुईनं कोरायचं, चिमट्यानं ओढायचं आणि वर गरम बिब्ब्याचा चटका. बानाबाई अशी बोंबलायची की अख्खी वस्ती हसायची. यंदा मात्र सगळं शांत. "काटाच टोचंना मला. पाय दगडी झाल्यात," असं ती बायकांत मिरवायची. कडूबानंही मग चिमटा खुंटीला अडकवून टाकला. शुगरच्या गोळ्या ती आठवण झाली तर घ्यायची, आणि आठवण सहसा व्हायची नाही.

मग डोळ्यापुढं काळ्या माश्या घोंगावायला लागल्या. बाई हातानं वारायची, माश्या हलायच्या नाहीत. एक दिवस जालना रोड ओलांडताना तिला टेम्पो दिसलाच नाही. ब्रेक करकचून लागले म्हणून मेंढरू वाचलं. कडूबा संतापला. "आधी डोळं दाखवून ये. तुझं पाय चालत्यात म्हणून मेंढरं ठेवलीत. नायतर कवाच इकली असती!"

शहरातल्या डोळ्यांच्या दवाखान्यात डॉक्टर वैदेहीताईंनी डोळ्यात थेंब घातले, बराच वेळ आत पाहिलं. पडद्यावर रक्त उतरलं होतं, लेसर करावं लागणार होतं. मग त्या म्हणाल्या, "मावशी, वहाणा काढा."

"डोळं दाखवाया आले मी. पाय कशाला?"

"साखर डोळ्यातल्या बारीक शिरा बिघडवते, तशाच पायातल्या नसाही. एकीकडं दिसलं की दुसरीकडं बघावंच लागतं. डोळे मिटा. पायाला दोरा टेकला की 'व्हय' म्हणा."

बानाबाईनं डोळे मिटले. वाट पाहिली. तिकडं घरी मेंढरं उपाशी, आणि इथं हा खेळ! "करा की सुरू," ती वैतागून म्हणाली.

"झालं मावशी. दहा ठिकाणी लावून बघितला."

उजव्या टाचेत बाभळीचा काटा निघाला. अख्खा. भोवती पू झाला होता. काटा काढून पट्टी बांधली. डॉक्टरीणबाईंनी बजावलं, रोज पाय बघून घ्यायचे आणि जखम भरेपर्यंत चालायचं नाही. बानाबाई पार हादरली होती, पण बसमध्ये बसेपर्यंत तिचं ठरलं होतं: डोळ्याचं सांगायचं, पायाचं नाही. पायाचं कळलं की मेंढरं गेलीच.

"काटा व्हता जरासा," घरी ती म्हणाली. "डाक्टरनीनं काढला. लई दुखलं, माय!"

दुसऱ्या सांजेला कडूबा पट्टी बदलायला बसला. तिचं पाऊल मांडीवर घेतलं, पट्टी सोडली. बानाबाईला जवळचंही धुरकट दिसत होतं. तिनं तोंड फिरवलं आणि ओरडली, "आई गं! हळू की वो!"

कडूबा अजून कापूस पिंजत होता. जखमेला त्याचा हातही लागला नव्हता.

त्यानं कापूस खाली ठेवला. मग म्हणाला, "लई दुखलं का गं?"

"लई."

"बरं. हळू करतो."

सकाळी बानाबाई उठली तर काठी जागेवर नव्हती. मेंढरांचं वाडगं रिकामं होतं. गुडघे धरत, थांबत थांबत कडूबा मेंढरांमागं रस्त्याला लागला होता, आणि उंबऱ्यावर तिच्यासाठी चिमटा, कापूस नि गोळ्यांची पुडी मांडून गेला होता.

ती दारात बसली. उठली, परत बसली. पाय जराही दुखत नव्हते, आणि त्याचंच तिला रडू आलं.