बोट ठेवून दाखव

इरफानचा फोन आला तेव्हा मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर उभी होते. उभी म्हणजे चवडे उंबऱ्यावर आणि टाचा मागे, खाली सोडलेल्या. माझ्या टाचेच्या दुखण्यावर मला शिकवलेला हा व्यायाम; चहा उकळेपर्यंत मी तो रोज करते. “मावशी, अम्मी गेली,” तो म्हणाला. “गॅलरीत, खुर्चीत बसल्या जागी. काही त्रास झाला नाही तिला.” मी गॅस बंद केला आणि परत जाऊन उंबऱ्यावर तशीच उभी राहिले. का, ते मला आजही सांगता येणार नाही. साताऱ्याहून सांगलीला पोचेपर्यंत दुपार झाली. विश्रामबागेतल्या त्या तिसऱ्या मजल्यावर शमीमला कफन घालून झालं होतं, चेहरा तेवढा उघडा ठेवला होता माझ्यासाठी. जमलेल्या बायका एकमेकींना सांगत होत्या, नशीबवान बाई, बसल्या जागी सुटली. मला ओरडावंसं वाटलं. त्या बायकांचा काही दोष नव्हता, मरणाच्या घरात माणसं असंच काहीतरी बोलतात. पण शमीम आणि बसल्या जागी…?

आम्ही दोघी मेढ्याच्या. तिच्या अब्बांचं बाजारात बांगड्यांचं दुकान, माझे वडील पोस्टात. ईदला तिच्याकडचा शिरखुर्मा आमच्या घरी आणि चौदा एप्रिलला आमच्याकडची खीर तिच्या घरी, हे इतकं ठरलेलं की त्यात सांगण्यासारखं काही आहे असं तेव्हा वाटलंच नाही. शाळेचं मैदान उतरतं होतं, चेंडू टाकला की थेट ओढ्यात. म्हणून आमच्या गुरुजींनी मुलींना खो-खो शिकवला. शमीम पळण्यात माझ्यापेक्षा हळू, हे मी तिच्या तोंडावर सांगायचे आणि ती मान्यही करायची. तिची खरी करामत बसण्यात होती. चौकोनात उकिडवी बसली की टाचा किंचित उचललेल्या, हात जमिनीला जेमतेम टेकलेले. पाठीवर माझा हात पडून “खो” हा शब्द कानात शिरायच्या आत ती उठलेली असायची आणि तिच्या रिकाम्या जागेत मी धपकन बसायचे. “सुने, बसणं म्हंजी आराम नव्हं गं,” ती मला ऐकवायची. “बसणं म्हंजी उठायची तयारी.” त्या वयात असली वाक्यं बोलणाऱ्या मुलीचा राग यायचा. मला तर फार यायचा.

पुढे मी लग्न होऊन साताऱ्यात आले आणि ती सांगलीत एका मुलींच्या शाळेत खेळाची शिक्षिका झाली. माझी मुलगी लहान असताना सुट्टीत आम्ही तिच्याकडे जायचो, तेव्हा मैदानावर तिचं काम पाहायला मिळायचं. मुलींच्या पायांची तिला भारी काळजी. एखादी लंगडत आली आणि “बाई, टाच दुखतीय” म्हणाली, की शमीम म्हणायची, “टाच म्हंजी कुठं? बोट ठेवून दाखव. एकच बोट.” मग मुलगी बोट ठेवायची. मागच्या बाजूला, शीर टाचेला जिथं चिकटते तिथं ठेवलं, तर बूट घासतोय का आधी बघ. खाली तळव्याच्या सुरुवातीला ठेवलं, तर पोटरी ताणायचे व्यायाम. एकदा सातवीतली एक उंच होत चाललेली मुलगी आली. शमीमनं तिची टाच दोन्ही बाजूंनी तळहातांत धरून दाबली, तशी ती कळवळली. “वाढीचं वय हाय, हाडाची पेरं अजून जुळायचीत,” शमीम म्हणाली. “उड्या बंद, महिनाभर नुसतं बसून शिट्टी वाजवायची.” आणि शिवाय त्या मुलीला डॉक्टरकडे पाठवायला ती विसरली नाही. मी चिडवलं, तू डॉक्टर कवा झालीस गं? तर म्हणाली, “मी कुठली डॉक्टर? मी फकस्त इचारते. दुखतंय म्हटल्यावर कुठं दुखतंय, ह्येच कुणी इचारत न्हाई.”

हे मी इतकं खुलवून सांगतेय, कारण पुढं जे झालं ते याच्या बरोबर उलटं झालं.

ती निवृत्त झाली. तिचे मालक त्याआधीच गेले होते, कसल्याशा साध्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात गेले ते परत आले नाहीत. इरफाननं आईला आपल्या नव्या फ्लॅटमध्ये आणलं. मुलगा चांगला, सून रुखसानाही चांगली. इमारतीला लिफ्टची जागा होती, लिफ्ट नव्हती. ती ‘येणार’ होती. शमीमला त्याचं काही वाटलं नाही. रोज सकाळी ती जिना उतरून मागच्या मैदानावर जायची आणि आसपासच्या मुलींना फुकट खो-खो शिकवायची. शिट्टी, टोपी, पाण्याची बाटली. तेवढे दोन तास तिचे स्वतःचे होते, बाकीचा दिवस ती आनंदानं घराला देऊन टाकायची. आणि मग तिची टाच दुखायला लागली.

टाच दुखते म्हटलं की आपल्याकडे निदान तयारच असतं. हाड वाढलंय. शेजारीण म्हणाली हाड वाढलंय, औषधाच्या दुकानातला म्हणाला हाड वाढलंय. एक्स-रे काढला तर त्यात टाचेखाली खरोखरच काट्याएवढं हाड पुढं आलेलं दिसलं. झालं. सगळं घर निश्चिंत झालं, कारण दुखण्याला नाव मिळालं. विटा तापवून वर रुईचं पान ठेवून शेक देऊन झाला. मऊ चपला आल्या. टाचेत इंजेक्शन घेतलं, त्यानं काही आठवडे बरं वाटलं आणि पुन्हा जैसे थे. दवाखान्यात इरफान सोबत असायचा आणि आईच्या वतीनं तोच बोलायचा, “डॉक्टर, अम्मीची टाच दुखते.” सकाळी उठल्यावर पहिलं पाऊल टाकताना जास्त दुखतं का, असं विचारलं की शमीम म्हणायची, व्हय. “खरंच दुखायचं का गं सकाळी?” मी नंतर विचारलं. “न्हाई गं. पण समदे तेच इचारतात, मग म्हटलं दुखत असंल.” इतकी वर्षं मुलींना एका बोटानं बोलायला लावणारी ही बाई स्वतःच्या पायाबद्दल व्हय म्हणून मोकळी झाली होती. मला वाटतं, घरात तिच्यासाठी चाललेली धावपळ बघून तिला आणखी प्रश्न उभे करायचे नव्हते.

गंमत म्हणजे त्याच काळात माझीही टाच धरली. माझं सरळ होतं. सकाळी पलंगावरून पाय खाली ठेवला की टाचेत खिळा, चार पावलं चालले की सैल. डॉक्टरांनी सांगितलं, तळव्याखालचा पट्टा टाचेपाशी दुखावलाय, हाडाचं मनावर घेऊ नका, असं हाड न दुखणाऱ्या टाचांतही सापडतं. पोटरी ताणायची, अनवाणी फिरायचं नाही, गोठवलेल्या पाण्याची बाटली तळव्याखाली फिरवायची. हळूहळू मी सुधारले. शमीमनंही तेच सगळं माझ्याहून इमानदारीनं केलं आणि तिला काडीचा फरक पडला नाही. फोनवर आम्ही आपापल्या टाचांची खबर घ्यायचो. माझ्या टाचेची खबर चांगली असायची, आणि ती सांगताना माझा आवाज आपोआप बारीक व्हायचा.

जिना सुटला. मग इरफाननं तिच्यासाठी गॅलरीत निळी प्लास्टिकची खुर्ची ठेवली. “अम्मी, बस निवांत,” तो म्हणायचा, आणि त्याच्या आवाजात इतकी माया असायची की तिला भांडताही यायचं नाही. निवांत या शब्दाचा मला तेव्हापासून तिटकारा आला. मधे उभ्या राहिलेल्या एका नव्या इमारतीमुळे मैदान झाकलं होतं, गॅलरीतून त्याचा एक कोपरा आणि त्यात रोवलेला खो-खोचा एक खांब तेवढा दिसायचा. मुली पळत यायच्या, खांबाला वळसा घालायच्या आणि दिसेनाशा व्हायच्या. “आवाज समदा येतोय बघ,” ती म्हणायची. “कोण पळतीया ते मातुर कळत न्हाई.” ती खुर्ची कायम घराकडे पाठ करून ठेवायची. रुखसानाला वाटायचं, अम्मी रुसल्या. मी विचारलं तर हसून म्हणाली, “पाठ मोकळी नगं का? खो कसा मिळंल?”

शेवटी एकदा मीच हट्टानं तिच्यासोबत मिरजेच्या एका दवाखान्यात गेले. इरफानला म्हटलं, तू गाडीत बस बाबा, आम्ही बायका बोलतो. डॉक्टर तरुण मुलगी होती. तिनं एक्स-रे बाजूला ठेवला आणि म्हणाली, “काकू, दुखतं हा शब्द न वापरता सांगा.” शमीम एकदम धरण फुटल्यासारखी बोलली. आग होते, मुंग्या येतात, सकाळी बरं असतं, दिवस चढंल तसं वाढत जातं, उभं राहिलं की जास्त, आणि पायावर पांघरूण आलं तरी तळव्याला सोसत न्हाई. “एका बोटानं दाखवा बरं,” डॉक्टर म्हणाली. शमीमनं माझ्याकडे बघितलं. तिची नजर मी विसरणार नाही… आणि तिनं बोट ठेवलं ते टाचेखाली नाहीच. घोट्याच्या आतल्या बाजूला, हाडाच्या मागं. डॉक्टरनं तिथं बोटानं टकटक केली आणि शमीम पाय आखडून ओरडली, करंट गेला तळव्यात!

नस अडकली होती. घोट्याच्या आत एका अरुंद बोळातून ती तळव्याकडे जाते, तिथं दाबली गेली होती. डॉक्टरनं साखरेची, थायरॉइडची तपासणी करायला लावली, कारण पायाची आग त्यांच्यामुळेही होते. तिकडं काही निघालं नाही. नसांची तपासणी केली, त्यात दाब दिसला. हाड वाढलेलं होतंच, पण ते बिचारं तिथं नुसतं बसलेलं होतं. परतताना गाडीत शमीम खिदळत होती. “सुने, माझी नस आडाकलीया म्हनं. म्हंजी ती आन् मी, आमी दोघी एकाच घरात ऱ्हातोय.” पुढं बसलेल्या इरफानला यातलं किती कळलं कोण जाणे, तोही हसला.

बुटात घालायला कमानीला आधार देणारी गादी मिळाली, नसेच्या गोळ्या मिळाल्या. आग निम्म्यावर आली. तेवढ्यावर एका सकाळी ती कुणाला न सांगता जिना उतरली. मैदानापर्यंत पोचली, मुलींनी गलका केला, तिनं शिट्टी वाजवली. परत येताना पहिल्या मजल्याच्या पायरीवर बसली ती उठेचना, तळव्यात निखारा. इरफाननं उचलून वर आणलं. त्यानंतर दार आतून लावायला लागले. कुलूप नाही, नुसती वरची कडी. तिचा हात वर पोचायचा, पण टाच उचलल्याशिवाय नाही.

डॉक्टरनं सांगितलं होतं, गोळ्यांनी भागलं नाही तर छोटं ऑपरेशन करू, नसेवरचा पट्टा मोकळा करू. सगळ्यांना गुण येतोच असं नाही, पण तुमच्या बाबतीत आशा आहे. शमीम लगेच तयार. इरफान नाही. त्याचे अब्बा ज्या दारातून आत गेले, त्या दारातून आईला न्यायला त्याचे पाय उचलत नव्हते. हे तो कधी बोलला नाही. तो म्हणायचा, रमजान होऊ दे. मग म्हणाला, पाऊस सरू दे. मग मेहुणीचं लग्न. माझा शेवटचा फोन झाला तेव्हा तारीख अखेर ठरत आली होती. “इरफान व्हय म्हटलाय गं,” ती म्हणाली. “एकदा का नस सुटली, की तुला घिऊन मैदानावर जाते बघ.” मी म्हटलं, मी पळणार नाही हं आता. तर म्हणते, “पळू नगंस. नुसती माझ्या पाठीमागं हुबी ऱ्हा.” त्यानंतरच्या आठवड्यात तिचं हृदय बंद पडलं. नसेचं राहूनच गेलं. इरफान माझ्यासमोर लहान मुलासारखा रडला आणि मला त्याचा राग करता आला नाही, आणि राग गेलाही नाही.

तिच्या चाळिसाव्याला मी पुन्हा गेले. कुराणपठण झालं, जेवणं झाली, माणसं पांगली. गॅलरीत निळी खुर्ची तशीच होती, घराकडे पाठ करून. ती हलवायचा धीर कुणाला झाला नव्हता. संध्याकाळ होत होती, मैदानावरून मुलींचा आवाज येत होता आणि त्या कोपऱ्यातल्या खांबाला वळसा घालून कुणीतरी पळालं. मी खुर्चीच्या मागे उभी राहिले. पाठीवर हात ठेवला आणि म्हटलं, “खो.” मोठ्यानं म्हटलं, कारण हळू दिलेला खो धरत नाहीत.

आमच्या खेळात जिनं खो दिला तिनं त्याच जागी बसायचं असतं. मी बसले. खुर्ची बसकी होती, खांब दिसत होता, मुली दिसत नव्हत्या. किती वेळ गेला कोण जाणे. मागून पावलं वाजली आणि माझ्या पाठीवर हळूच एक हात पडला. माझ्या टाचा आपोआप उचलल्या गेल्या.

“बसा मावशी, निवांत,” रुखसाना म्हणाली. “चहा आणते.”

हात पडला होता, पण शब्द तो नव्हता. मी टाचा खाली टेकल्या आणि बसून राहिले.