मशीनची माफी

सुगत गणवीरचं नाव कोनी काढलं का माह्या डोस्क्यात तिडीक जाते. त्याच्यावर नाही, त्याले ज्याईनं घालवलं त्याईच्यावर. मी रुखमा. लाखनीजवळ हायवेले लागून भोजराज सेठचा पोह्याचा कारखाना हाय, तिथं पाकिटं तपासाचं काम माह्याकडं. मशीनीतून पाकीट आलं का पान्याच्या बादलीत बुडवाचं अन् हातानं दाबाचं. बुडबुडे आले तं तोंड फुटकं, नाही आले तं पक्कं. सारा कारखाना त्या बुडबुड्यावर उभा हाय, पन सेठले हे कोन सांगन?

सुगत एकोडीचा. बापानं, परसरामनं, जलमभर लोकाच्या बांधीत धान रोवला अन् पोराले आयटीआय शिकवलं. सुगत नागपूरच्या कारखान्यात चांगला फिटर होता. माय पार्वताबाईचे डोळे गेले, म्हनून गावाकडं वापस आला अन् आमच्या मशीनीवर लागला. कोनी म्हनन का बिचारा होता, तं खोटं. जबर फुशारक्या मारे. तेला-ग्रीसाच्या कामाले इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून ये. माह्यासंग तं पयल्याच दिवशी भांडला, का मी बादलीचं पानी मशीनीच्या पायाशी काहून सांडलं. मीही काही कमी नाही. त्या दिवशी आमचा आवाज हायवेपर्यंत गेला असन.

तो आला तेव्हा आमचा माल बदनाम होता. मशीनीत प्लास्टिकचा रोल वरून खाली येते, त्याची नळी होते, नळीत पोहे पडते, अन् दोन गरम लोखंडी जबडे नळी दाबून पाकिटाचं तोंड बंद करते. त्या जबड्याईले आमी जॉ म्हनतो. पोह्यासंग भुकटी उडे अन् नेमकी तोंडाच्या जाग्यावर चिकटे. मंग जॉनं कितीही दाबलं तरी तेवढ्या जाग्यावर प्लास्टिक धरे नाही. आधीचा चालवनारा काय करे, तं गरमी वाढवे. प्लास्टिक जळे, वास मारे, अन् बुडबुडे तसेच.

सुगतनं पयले जॉ काढून पाहिल्या अन् शिव्या घातल्या. मशीन बनवनाऱ्याले, आधीच्या मानसाले, सेठले बी, पन सेठच्या मांगं. जॉचे दात पार झिजले होते. त्यानं नागपुरात ओळखीच्या कारखान्यातून नव्या दाताच्या जॉ घासून आनल्या. मंग एक बारीक नळी बसवली. पोहे पडले, का जॉ मिटाच्या आधी ती नळी तोंडावर फुस्सकन हवा मारे अन् भुकटी उडवून दे. हवा जास्त झाली तं पोहेच उडत, कमी झाली तं भुकटी राहे. तो जुळवत बसे अन् मी बादलीपाशी बोंबलत, "हाय रे बुडबुडा, अजून हाय." तो चिडे, मी चिडे. एक दिवस मी पाकिटं बुडवत गेली, बुडवत गेली, अन् पानी हललंच नाही.

त्यानं काय करावं? एक पाकीट फरशीवर ठेवलं अन् बूट काढून त्याच्यावर उभा राहिला. "मावशी, आता बोल." तेव्हापासून कारखान्यात कोनीही येवो, त्याले पाकिटावर उभं करे. मी म्हनलं, तुह्यावानी घमेंडी मानूस मी पाहिला नाही. तो म्हने, घमेंड नाही, मावशी, हे माह्या हातचं हाय. खरंच होतं. मी कायले नाही म्हनू?

मंग दसरा आला. सुगत दरसाल दसऱ्याले मायले घेऊन दीक्षाभूमीवर जाते. महिनाभर आधीच सुट्टी सांगून ठेवली होती, सेठ हो म्हनला होता. कारखान्यात त्या दिवशी मशीनपूजा. मी बी पूजेले होती, माहा काही पूजेवर राग नाही. मशीन पोटाले देते, तिले फूल वाहावं. पन सेठनं तुपात कुंकू कालवलं, मशीन उघडाले लावली, अन् बोटानं जॉच्या दाताईतच लेप भरला. तुलाराम हमाल म्हनला बी, सेठ, वरून टिका लावा ना. सेठ म्हनला, "जिथं काम होते तिथंच देव बसते."

दुसऱ्या दिवशी सुगत यायचा होता रात्री. मशीन चालवाले सेठचा भाचा मनिष बसला. दिवाळी तोंडावर, घरोघरी चिवडा होनार, गाडी फाटकात उभी. सेठनं मले म्हनलं, बादली बाजूले ठेव, तपासनं राहू दे, नुसती पाकिटं भरत सूट. पाकिटाच्या तोंडावर लाल लाल डाग येऊन राहिले होते. मी मनिषले दाखवलं. तो हसून म्हनते, "दसऱ्याचा शुभ डाग हाय, मावशी, चालू दे." मले तेव्हाच त्याच्या कानाखाली वाजवाशी वाटली.

गाडी गेली. रोल सरले म्हनून मशीन मंग बंदच होती. काही दिवसांनी नवे रोल आले अन् त्याच दिवशी तीच गाडी वापस आली. पोहे सादळले, काही पाकिटाईत जाळी धरली. व्यापाऱ्यानं फोनवर सेठचा पानउतारा केला अन् सेठनं तो उचलून जसाच्या तसा सुगतच्या डोक्यावर ठेवला. सगळ्याईले जमा केलं. मशीनीपुढं नारळ, अगरबत्ती, ताट. म्हनला, "एवढे दिवस मशीन बरोबर चालली. पूजेले सगळे हात जोडून उभे होते, एक गणवीर नव्हता. मशीनचा कोप झाला. लोकाईच्या मनात हेच हाय."

लोकाईच्या मनात म्हने. लोकाईच्या मनात कोनं घातलं ते बी सांगाचं होतं ना.

सुगत सरळ मशीनीपाशी गेला. त्यानं जॉ खोलल्या, खाली पेपर पसरला अन् पितळेच्या ब्रशनं दात घासाले लागला. काळंलाल, जळलेलं खरपूड पेपरावर पडत गेलं. तूप-कुंकवाचा वास साऱ्या शेडमंदी पसरला. कोनाले समजावून सांगाची गरजच नव्हती. दात साफ करून जॉ बसवल्या, गरम होऊ दिल्या, अन् पाकिटं काढली. मी एकेक बुडवलं, दोन्ही हातानं दाबलं. पानी शांत. मी सेठकडं पाहिलं अन् मोठ्यानं म्हनलं, "पक्की हाय."

आता इथं तरी मानसानं लाजावं का नाही? सेठ म्हनते, "ठीक हाय, झालं असन तसं. पन नारळ फोडून टाक, गणवीर. हात जोड, माफी माग अन् काम सुरू कर. तुह्या बापाचं काय जाते?"

"माही चूक कोनती?" सुगतनं इचारलं.

"चूकबिक सोड. लोकाईचं समाधान."

"कुंकू तुमी लावलं, सेठ. माफी मागाची तं तुमी मागा."

सेठ भडकला. "माही मशीन हाय. मी माह्याच मशीनची माफी कायले मागू?"

"मशीन तुमची, चूक तुमची, अन् माफी तेवढी माही?" सुगत म्हनला. "माह्या आज्यानं ज्या दिवशी दीक्षा घेतली, त्या दिवशी मी जातो तिथं. मी चोरून नाही गेलो, सांगून गेलो. यासाठी मी हात नाही जोडनार."

सेठनं ताट त्याच्यापुढं सरकवलं. "जोडशीन तं काम. नाही तं फाटक तिकडं हाय."

सुगतनं ब्रश पुसला, जाग्यावर ठेवला अन् गेला. आमी सगळे आपापल्या कामाले लागलो. मनिष ज्यानं लाल डाग शुभ म्हनून चालवले, तो आजही मशीनीवर बसते. सुगत एकोडीत शेतकऱ्याईच्या पान्याच्या मोटारी सुधारते. नव्या दाताच्या जॉ जुळवनारा मानूस मोटारीतला गाळ काढून राहिला, अन् इकडं त्याच्याच नळीनं आमची पाकिटं पक्की निघून राहिली. असा राग येते का बादली उचलून कोनाच्या तरी डोस्क्यावर ओतावी.

परवा साकोलीकडचा एक मिलवाला मशीन पाहाले आला. सेठनं त्याले पाकिटावर उभं केलं. हो, सुगतचं तेही उचललं. मिलवाला उड्या मारून राहिला, पाकीट काही फुटेना. "ही हवेची नळी कोनं बसवली?" त्यानं इचारलं.

"डोकं आपलंच," सेठ म्हनला. "मशीनवाल्याईलेही जमलं नाही."

मी बादलीपासून उठली. हात ओले होते, पदराले पुसले. म्हनलं, "सेठ, खोटं नोका बोलू. सुगत गणवीरनं बसवली. तुमी जॉच्या दाताईत कुंकू भरलं अन् त्यालेच काढलं."

मिलवाला पाकिटावरून खाली उतरला. "हा गणवीर आता कुठं हाय?"

"रुखमा," सेठ दात खाऊन म्हनला, "एक शब्द बोलशीन तं उद्यापासून येऊ नोको."

मी त्या मिलवाल्याले घेऊन फाटकापर्यंत गेली अन् एकोडीचा रस्ता दाखवला. परसराम गणवीरचं घर इचारा, म्हनलं, कोनीही सांगन.