शहापूरची मॅजिस्ट्रेट आणि बकरीचा खटला

कोणत्या तोंडाने सांगू, हाच प्रश्न आहे! आयुष्यभर इतरांच्या चुकांखाली लाल रेघ ओढणाऱ्या बाईने स्वतःची चूक मोठ्याने वाचून दाखवायची म्हणजे काय, याची कल्पना तुम्हाला यायची नाही. चहा घ्या. हसू आले तर कपात बघून हसा.

तर, इंग्रजांच्या काळी आमचे आजोबा ऑनररी मॅजिस्ट्रेट होते. मध्य प्रांताचे सरकार ही माणसे कशी नेमीत असे, ते आमच्या घरी इतक्या वेळा सांगितले गेले की मला तोंडपाठ आहे. डेप्युटी कमिशनर साहेब दौऱ्यावर यायचा, आमराईत तंबू ठोकायचा आणि आसपासच्या मालगुजारांना, म्हणजे गावोगावच्या जमीनदारांना, बोलावून घ्यायचा. कायदा कोणाला येतो, हे विचारण्याची पद्धत नव्हती. ज्याचा कोट बरा आणि ज्याच्या घरी साहेबाला टेकायला खुर्ची, त्याचे नाव नागपूरला कळवले जायचे. आजोबांकडे खुर्ची होती. झाले, न्यायदान सुरू!

त्यांची नात मी. निवृत्त मुख्याध्यापिका, मुक्काम शहापूर, जिल्हा भंडारा. यजमान गेले, मुलगा पुण्यात. सकाळी दूधवाला "बाई, दूध!" म्हणतो. त्यानंतर सायंकाळपर्यंत या घरात जे काही शब्द उच्चारले जातात ते माझेच, आणि तेही टीव्हीवरील निवेदिकेच्या चुका सुधारण्यासाठी. ती ऐकत नाही, हा भाग वेगळा.

अशात गल्लीतला राजू आला. राजकारणात ऊठबस असलेला मुलगा.

"बाई, तुमचं नाव टाकून देऊ का मॅजिस्ट्रेटमंधी?"

मी चष्मा सावरला. "माझी पात्रता कोणी पाहिली?"

"पात्रता काय जी! तुमी घरीच राहता न. लोक सहीसाठी वणवण फिरून राहिले."

दुसऱ्या कोणी असे म्हटले असते तर मी त्याला ओसरीवरून उतरवले असते. पण मला ऐकू आला फक्त पहिला शब्द. मॅजिस्ट्रेट!

यथावकाश नेमणुकीचे पत्र आले. त्यावर 'विशेष कार्यकारी अधिकारी' असे होते. असू दे, हल्ली सगळ्याचीच नावे बदलतात, असे मी म्हटले. खाली करावयाच्या कामांचा मजकूर होता. 'प्रश्न पूर्ण वाचा, मगच उत्तर लिहा' असे ओरडून जिने पिढ्या घडवल्या, तिने तो मजकूर वाचला का? नाही. ती खुर्ची पुसत होती.

पहिला माणूस आला तो यादव. धानाची शेती करणारा, मागच्या आळीतला. मुलीच्या कागदांवर त्याला माझी सही हवी होती. सही घेऊन पायरी उतरता उतरता तो सहज बोलला, "कौशल्या वहिनीच्या बकरीनं माह्या सेमीचा वेल साफ करून टाकला, बाई. एक शेंग नाही लागाची आता."

"तुमची फिर्याद आहे का?"

"आँ?"

"फिर्याद, यादवराव! मी मॅजिस्ट्रेट आहे. दोघेही उद्या सकाळी हजर राहा."

आणि ते आले! कौशल्या ही यादवची चुलत भावजय. पदर खोचूनच आली. मी खलबत्त्यातला बत्ता टेबलावर आपटला आणि म्हटले, "शांतता!"

"माही बकरी दाव्याले बांधून होती जी!"

"बाई, तिच्या तोंडाले हिरवं लागून होतं!"

"तं का बकरी लाल खाईन, भाऊजी?"

"तुमीच सोडून देता तिले! गावभर हिंडते."

"मांडव तं धड बांधाचा होता! वाऱ्यानं पडन असा मांडव, अन् नाव बकरीचं!"

काय सांगू, माझ्या घरात किती दिवसांनी आवाज झाला होता! भांडण ऐकता ऐकता मी चहा टाकला. यादवने बशीत ओतून फुरकला. कौशल्याने भांडता भांडता माझ्या दारातल्या कण्हेरीची चौकशी केली. निकाल तर शेंबड्या पोरानेही दिला असता. बकरी दोषी, मांडव कच्चा. मी तोंड उघडले, आणि माझे लक्ष दोघांच्या चपलांकडे गेले. निकाल दिला की त्या चपला पायात जाणार, फाटक वाजणार, आणि पुन्हा मी आणि निवेदिका.

"प्रकरण गुंतागुंतीचे आहे," मी गंभीरपणे म्हटले. "पुढील तारीख सोमवार."

सोमवारी मी साक्षीदार मागितला. त्यापुढच्या तारखेला मांडवाची उंची मागितली. त्यापुढे बकरीचा पूर्वेतिहास. दोघेही प्रत्येक वेळी काही ना काही नवे भांडण घेऊन येत, आणि मी प्रत्येक वेळी पोहे करीत असे. दसरा असा सरला.

एवढ्यावर थांबले असते तर चार भिंतींत राहिले असते. पण मला नियमांची आवड! न्यायालय म्हटले की पुकारा करायला पट्टेवाला हवा. सुती साडीला इस्त्री केली, एसटी धरली आणि भंडाऱ्याला तहसील कार्यालयात पोहोचले. नायब तहसीलदार म्हणजे एक चुणचुणीत मुलगी.

"पट्टेवाला? कशासाठी, मॅडम?"

"खटल्यासाठी."

"तुम्ही... खटले चालवता?"

"सध्या एकच आहे. बकरीचा."

सगळ्या कार्यालयातली टकटक थांबली! मुलगी गुणी होती, हसली नाही. मला पाणी दिले आणि म्हणाली, "मॅडम, आपण छायाप्रतींवर सही-शिक्का करायचा. दाखले द्यायचे. निवाडा करायचा अधिकार या पदाला नाही."

येताना बसमध्ये मी पदराने घाम पुसत राहिले. घाम नव्हता.

सोमवारी दोघे आले. मी बत्ता आत ठेवून दिला होता. उभी राहून म्हणाले, "यादवराव, कौशल्या, मी तुमची दिशाभूल केली. मी मॅजिस्ट्रेट नाही."

दोघांनी एकमेकांकडे पाहिले.

"ते तं मालूम होतं जी," यादव म्हणाला.

"मालूम होते? मग भांडण?"

"ते तं पहिल्याच सांजेले मिटलं. वहिनीनं दुसरा वेल आनून लावून देल्लन."

"मग इतके दिवस येत कशाला होता?"

कौशल्या बांगड्या फिरवत राहिली. "तुमी तारीख देत होत्या न, बाई. एकडाव आमाले उशीर झाला तं तुमी फाटकापाशी उभ्या होत्या. मंग नाही कसं यावं?"

"पन लय डोकं चालवा लागे जी!" यादव कळवळून बोलला. "दर तारखेले नवं भांडन आनावं कुठून? रस्त्यानं ठरवत येत होतो. मांडवाची उंची मागतली तं आमी दोघंही घाबरून गेलो. मांडव तं केव्हाचाच मोडला होता!"

बघा! मुलांची खोटी पोटदुखी मी वर्गाच्या दारातून ओळखत असे. आणि ही दोघे माझ्या डोळ्यांदेखत रीतसर तालीम करून नाटक करीत होती, आणि मी पोहे वाढत होते.

"आता निकाल देऊन टाका, बाई," यादव हात जोडून म्हणाला. "धान कापाले आलं. आमाले येनं नाही जमाचं."

बरोबरच होते. पीक उभे असताना कोणी बकरीवर वाद घालीत नाही. मी खाकरले. शब्दांची जुळवाजुळव केली. कर्ता, कर्म, क्रियापद, सगळे जागेवर होते. पण निकाल द्यायचा सोडून मी खुर्ची पुसू लागले.

कौशल्याने चप्पल घालता घालता मान वळवली. "नाही तं असं करा न, बाई. कापनी झाल्यावरची तारीख द्या."

अधिकार नाही, पद नाही, खटला खोटा. अर्ज मी तत्काळ मंजूर केला!

तारखेची वाट फिर्यादी पाहतो, आरोपी पाहतो, फार झाले तर वकील पाहतो. पण रोज सकाळी उठून शिवारात धान किती कापून झाले हे बघून येणारी न्यायाधीश, अख्ख्या भंडारा जिल्ह्यात मी एकटीच.