उभ्याने निंदणी

माझा मुलगा सुरतेच्या गोडादऱ्यात कापडाच्या लूमवर कामाला आहे. त्याची मुलगी आठवीत. एक दिवस शाळेतून आली आणि म्हणाली, "मोठी माय, मला शेती करायची आहे."

मी भाकरी थापत होते. शेतीतून सुटायला मी नवऱ्यामागे खान्देशातून सुरतेला आले, आणि ही निघाली उलटी.

"कुणी भरवलं डोक्यात?"

शाळेने. तिथे डोळ्यांवर चढवायचे मोठे चष्मे आले होते, आत शेत दिसतं. आवडलं त्या मुलांना खऱ्या शेतावर शिबिराला नेणार होते, पण घरच्या मोठ्या माणसाने शाळेत येऊन हो म्हणायचं. मुलाची दिवसपाळी, म्हणून मी गेले. नाही म्हणायलाच गेले.

एसीच्या खोलीत बाईंनी मला चष्मा चढवला, हातात दोन दांडे दिले. समोर कपाशी. चांगली होती, खोटं कशाला बोलू. ऊनही होतं, फक्त लागत नव्हतं.

"बा, हवे निंदामण करो," बाई म्हणाल्या. निंदणी करा म्हणे. मी चपला काढल्या, लुगडं आवरलं आणि उकिडवी बसले. सगळं काळं झालं.

"बा, ऊभा थाओ! तमे जमीनमां जता रह्या!"

चष्म्याच्या हिशेबी मी मातीत गाडली गेले होते. पोरं हसून लोळली.

"उभ्याने निंदतं कोण?" मी म्हटलं.

"यात उभ्यानेच," नात म्हणाली. "बटन दाब, गवत जातं."

दाबलं. गवत गेलं, आतून टाळ्या वाजल्या. माझ्या निंदणीला जन्मात कुणी टाळी वाजवली नव्हती.

तेव्हा ठरवलं. नाही म्हटलं तर पोरगी हेच शेत डोक्यात घेऊन बसेल. खरं शेत बघितलं की दुपारपर्यंत खोड मोडेल. मी हो म्हटलं.

शिबिरातून ती परत आली ती जशी गेली तशी. नखात मातीसुद्धा नाही.

"ऊन खूप होतं ना, सरांनी हॉलमध्येच बसवलं."

"आणि काय शिकवलं?"

"चष्मे दिले."

मी कपाळाला हात लावला. मग म्हटलं, आता दिवाळीत मीच तुला गावी नेते, दिराच्या शेतात कापूस वेचायला. सुक्या बोंडाची टोकं बोटात घुसतात तेही सांगितलं.

"मज्जा! बसून वेचतात की उभ्याने?"

"वाकून. संध्याकाळपर्यंत."

"मग तूही माझ्या शेजारच्या ओळीत वेच. मला कुठे येतं?"

हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.